दीडशे ग्रॅम सभासद

हिंदी मुलखातल्या मराठी स्नेहसंवर्धन मंडळाच्या वार्षिक सभेत नरहर दिघे यांचा ठराव चव्वेचाळीस विरुद्ध बावीस मतांनी मंजूर झाला आणि त्यानंतर साधारण दीड मिनिटांनी नामंजूर झाला. मधल्या दीड मिनिटात दिघे सर खुर्चीवरून उठले होते, त्यांनी चारी दिशांना हात जोडले होते आणि "आपण सर्वांनी जो विश्वास दाखवलात" इथपर्यंत त्यांचं भाषणही झालं होतं. मिळालेलं यश काढून घेतलं तर माणूस एक वेळ सोसतो. पण मानलेले आभार परत कसे घ्यायचे, याची सोय कुठल्याच भाषेत नाही. सर तसेच, जोडलेल्या हातांनी, हळूहळू खाली बसले.

ठराव साधा होता. मराठी घरात लग्न होऊन आलेल्या अमराठी सुना आणि जावई यांनाही मंडळाचं पूर्ण सभासदत्व मिळावं. हा ठराव सरांनी कुणासाठी आणला होता हे शिवाजी नगरातल्या त्या हॉलमध्ये बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांची सून कांचन ही सीहोरच्या तिवारींची मुलगी. लग्नानंतर दोन वर्षांत ती मराठी शिकली, तीही अशी की 'न' आणि 'ण' यांतला फरक ती आता खुद्द सरांना सांगत असे. गेली चार वर्षं दर रविवारी मंडळाच्या मागच्या खोलीत मुलांचा मराठी वर्ग तीच घेत होती. मंडळातली निम्मी मुलं घरी "मम्मी, मेरा टिफिन कहाँ है" असं बोलत आणि कांचनसमोर "आई, माझा डबा कुठे आहे" असं बोलत. आणि या बाईला सभेत बसायचा अधिकार नव्हता. सभा चालू असली की ती बाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बाकावर बसे. चार वर्षं हे पाहून सरांना जो संताप आला होता, तो त्यांनी साडेतीन पानांच्या ठरावात उतरवला होता.

तर ठराव मंजूर झाला आणि सचिव अंबरीश टोळे यांनी घसा खाकरला. टोळे सरकारी अधिकारी, चार इमलीतल्या बंगल्यात राहणारे, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले. घरी मीठ मागतानाही "आवश्यकतेनुसार" म्हणत असावेत असा त्यांचा एकंदर चेहरा.

"कलम चौदा," टोळे म्हणाले. "सभासदत्वाच्या नियमांत बदल करण्यासाठी, उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान सहासष्ट पॉइंट सदुसष्ट टक्के मतं आवश्यक." मग त्यांनी मोबाइल काढला, कॅल्क्युलेटरवर चार-पाच बोटं मारली आणि पडदा अध्यक्षांकडे वळवला. "चव्वेचाळीस भागिले सहासष्ट. सहासष्ट पॉइंट सहा सहा सहा सहा. कमी पडतंय."

अध्यक्ष प्रमिलाताई गद्रे यांचं वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सहाच सहा दिसतायत बाई. सात कुठाय?"

"सात नाहीये, म्हणूनच नामंजूर," टोळे म्हणाले.

आता दिघे सरांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी छत्तीस वर्षं सरकारी शाळांत गणित शिकवलं होतं. नववीचा पहिला धडा, परिमेय संख्या, हा त्यांनी किमान सत्तर वेळा शिकवला असेल. अपूर्णांकाला आधी संक्षिप्त रूप द्या. मग छेदाकडे पाहा. छेदाच्या अवयवांत फक्त दोन आणि पाच असतील तर दशांश रूप कुठेतरी थांबतं. तीन, सात, अकरा, असा एक जरी परका अवयव घुसला तर ते कधीच थांबत नाही, तेच तेच आकडे येत राहतात. हिंदी माध्यमात पहिल्याला 'सांत' म्हणतात आणि दुसऱ्याला 'असांत आवर्ती'. मुलं छत्तीस वर्षं ते 'अशांत आवर्ती' असं लिहीत आली आणि सर छत्तीस वर्षं ते लाल शाईने दुरुस्त करत आले.

"टोळेसाहेब," सर उभे राहिले, "चव्वेचाळीस भागिले सहासष्ट म्हणजे दोन तृतीयांश. बरोब्बर दोन तृतीयांश. छेदात तीन आहे, त्यामुळे हे सहा संपणारच नाहीत. तुम्ही पृथ्वी बुडेपर्यंत भागत बसलात तरी सात येणार नाही. सहासष्ट दशांश सहा सात हा दोन तृतीयांशाचा जवळचा आकडा आहे. तो दोन तृतीयांश नाही. त्याच्यापेक्षा जास्त आहे."

"बरोबर," टोळे म्हणाले.

"मग?"

"जास्त आहे, म्हणूनच तुम्हाला कमी पडले."

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. पाठ करून सांगता येईल इतकं ते हसू सरांच्या ओळखीचं होतं. गिरीश पाटणकर, त्यांचाच विद्यार्थी, आता एका बँकेत अधिकारी, आणि त्या बाविसांपैकी एक. "आज सुना, उद्या शेजारी, परवा शेजाऱ्यांचे पाहुणे," असं त्याचं म्हणणं होतं.

बाहेर कांचन बाकावर बसली होती. तिने सरांचा चेहरा पाहिला. मग त्यांच्या चपला ढिगातून शोधून समोर ठेवल्या. सरांना ते फार लागलं. ज्या बाईसाठी आपण दिग्विजयाला निघालो, तिनेच आपल्या चपला शोधाव्यात.

सर कोटरा सुल्तानाबादच्या घरी पोचले. पोचताच ते जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले आणि त्यांनी सिद्ध केलं की सहासष्ट जणांचे सहासष्ट दशांश सहा सात टक्के म्हणजे चव्वेचाळीस दशांश शून्य शून्य दोन दोन माणसं होतात. म्हणजे ठराव शून्य दशांश शून्य शून्य दोन दोन माणसाने पडला.

त्यांचा मुलगा अमोल मोबाइलवर हिशेब करत म्हणाला, "बाबा, सत्तर किलोचा आदमी पकडला ना, तर एकशे चोपन्न ग्रॅम. दीडशे ग्रॅम सभासद शॉर्ट पडला. एक कान आणि थोडी मान."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. मी फक्त वजन सांगितलं."

"अहो, सोडा आता," कमलिनीबाई म्हणाल्या. त्या सरांच्या पत्नी, बेचाळीस वर्षांच्या अनुभवी. "पुढच्या वर्षी पुन्हा मांडा."

"प्रश्न ठरावाचा राहिलेला नाही," सर म्हणाले.

कमलिनीबाईंनी कांचनकडे पाहिलं. प्रश्न मूळ मुद्द्याचा राहिलेला नाही, असं सर म्हणाले की पुढचा महिना-दीड महिना घरात काय होणार हे दोघींना कळत असे. कूलरचा प्रश्न जेव्हा कूलरचा राहिला नव्हता, तेव्हा सगळं घर मे महिनाभर वाफेत बसलं होतं.

सोमवारी सकाळी शेजारचे सक्सेनाजी गच्चीवर तुळशीला पाणी घालताना भेटले. सक्सेनाजी पाणीपुरवठ्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकली आणि विचारलं, "विरोध वाले बाईस थे?"

"बावीस."

"तो वोटिंग से पहले किसी एक को चाय पिलाने बाहर ले जाते. पैंसठ में चवालीस. पास."

सरांनी मनातल्या मनात भागाकार केला. सदुसष्ट दशांश सहा नऊ. खरोखरच पास. छत्तीस वर्षांच्या अध्यापनाला जे जमलं नाही ते एका कप चहाने झालं असतं, ही गोष्ट सरांना अतिशय अनैतिक वाटली आणि त्याहून वाईट म्हणजे बिनचूक वाटली. "मला असा विजय नको आहे," ते म्हणाले.

"तो फिर आरटीआई लगाइए," सक्सेनाजी म्हणाले आणि जास्वंदीकडे वळले.

त्या आठवड्यात सल्ल्यांना तोटा नव्हता. कमलिनीबाईंच्या भजनी मंडळातल्या एकीने सांगितलं की हॉलचं दार दक्षिणेला आहे, तिथे दिघ्यांचं काही मंजूर होणं कठीण. दुसरीने सुचवलं की सूनबाईचं नाव कांचन आहेच, आडनावही दिघे आहे, मग कुणाला सांगायचं कशाला की ती तिवारी होती. एक जण फोनवर म्हणाला, "सर, मी तुमच्याच बाजूने होतो, पण त्या वेळी पोहे घ्यायला बाहेर गेलो होतो. माझं मत आता धरता येईल का?" या माणसाशी सर त्यानंतर तीन आठवडे बोलले नाहीत. दीडशे ग्रॅम हवे होते आणि पंच्याऐंशी किलो बाहेर पोह्यांवर शेव घालत उभे होते.

सरांच्या मनात मात्र एक गोष्ट पक्की होती. मंडळाची मूळ घटना त्यांनी तरुणपणी वाचली होती. त्यात स्पष्ट मराठीत 'दोन तृतीयांश' असंच होतं. मग हा सहासष्ट दशांश सहा सात आला कुठून? कुणीतरी अडाणी माणसाने मधल्या काळात तो घुसडला असणार. तो माणूस शोधायचा, त्याचं नाव सभेत जाहीर करायचं आणि मग पुढे बोलायचं. त्यांनी टोळेंना पत्र लिहिलं. टोळेंचं उत्तर दोन ओळींचं आलं. नोंदणीकृत घटनेची प्रत नोंदणी कार्यालयात उपलब्ध आहे, आवश्यकतेनुसार प्राप्त करून घ्यावी.

कार्यालय कुठलं ते सांगण्यात अर्थ नाही. दोन जिने, एक बंद लिफ्ट आणि भिंतीवर 'कृपया शांत रहें' असं लिहिलेल्या पाटीखाली चाललेलं भांडण, एवढ्या वर्णनावरून ज्याला ओळखायचं तो ओळखेल. पहिल्या दिवशी सर गेले तेव्हा लंच चालू होता. दुसऱ्या दिवशी ते लंच टाळून साडेतीनला गेले, तर सर्व्हर डाउन होता. तिसऱ्या दिवशी सर्व्हर होता, लंच संपला होता, पण ज्या बाबूकडे काम होतं तो सर्व्हर चालू झाल्याच्या आनंदात दुसऱ्या मजल्यावर गेला होता. चौथ्या दिवशी बाबू सापडला. आशिष नाव, तिशीचा, बोलायला गोड.

"सर, आपने मुझे पढ़ाया है," तो म्हणाला. "मैथ में सप्लीमेंट्री आई थी."

सरांना फेरपरीक्षांच्या याद्या आठवल्या. "आता कसं आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

आशिषने फाईल मागवली. फाईल येईपर्यंत सरांनी त्याला सगळा अन्याय समजावून सांगितला. अपूर्णांक, छेद, तीनचा अवयव, न संपणारे सहा. आशिषने फार आदराने ऐकलं.

"सर, कारण मी सांगतो," तो हिंदी बाजूला ठेवून अडखळत मराठीत म्हणाला. कार्यालयात मराठी ऐकणारं कुणी आलं की तो अशी हौस भागवून घेत असे. "जुनी घटना जेव्हा कम्प्यूटरवर चढवली ना, तेव्हा त्या खान्यात टू बाय थ्री टाइपच होत नव्हता. टू बाय थ्री लिहिलं की तो दोन मार्च करून टाकायचा. हे पाहा." त्याने कीबोर्डवर टाइप करून दाखवलं. खरोखरच पडद्यावर दोन मार्च उमटला. "आता ठराव दोन मार्चने कसा पास होणार? म्हणून सगळ्या संस्थांना सांगितलं, पर्सेंट लिहून आणा."

सर त्या दोन मार्चकडे पाहत राहिले. आयुष्यभर ज्या संख्येला त्यांनी मान दिला तिची यंत्राने तारीख केली होती. पण निदान गुन्हेगार माणूस नव्हता, यंत्र होतं. त्यांना थोडं बरं वाटू लागलं होतं, इतक्यात फाईल आली.

आशिषने पान काढलं. "ही घ्या सर, दोन हजार अकराची दुरुस्ती. संस्थेतर्फे कोणीतरी हाताने लिहून दिलंय. सही पण आहे."

समासात निळ्या शाईने, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: २/३ = ६६.६७%. तपासले. आणि खाली सही. न. वि. दिघे, कार्यकारिणी सदस्य.

दोन हजार अकरा साली सर कार्यकारिणीवर होते. गणिताचे म्हणून कागद त्यांच्याकडेच आले होते. कुणीतरी घाईत स्कूटरवरून उतरून विचारलं होतं, सर, दोन तृतीयांश म्हणजे किती टक्के लिहू? आणि सरांनी, बहुधा चहाचा कप हातात असताना, लिहून दिलं होतं. त्यांना सगळ्यात जास्त लागला तो आकडा नव्हे, ते बरोबरचं चिन्ह. दोन आडव्या रेघा. तिथे 'सुमारे'ची नागमोडी खूण हवी होती. याच दोन रेघांसाठी त्यांनी पोरांचे अर्धे अर्धे गुण कापले होते. एकदा एका आईने शाळेत येऊन विनवलं होतं, अर्ध्या गुणाने मुलाची प्रथम श्रेणी जातेय. सर म्हणाले होते, जाऊ दे. तो मुलगा गिरीश पाटणकर होता.

"सर्टिफाइड कॉपी बनवू?" आशिषने विचारलं.

"नको," सर म्हणाले.

"बरं. तसं तुमच्या सचिवसाहेबांनी परवाच एक नेली."

सर घरी पोचायच्या आत ते पान मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर पोचलं होतं. टोळेंनी वर एकच ओळ लिहिली होती, 'सभासदांच्या माहितीस्तव.' त्याखाली सतरा अंगठे, चार जोडलेले हात आणि गिरीश पाटणकरचा संदेश: 'दिघे सर, आदरपूर्वक विचारतो, याचे किती गुण कापायचे?'

त्या दिवशी सर जेवले नाहीत. कमलिनीबाईंनी ताट झाकून ठेवलं. "टोळ्यांनी हे मुद्दाम केलं," सर म्हणाले. "माझी नाचक्की करायला. त्यांना कांचन सभासद व्हायलाच नको आहे. पहिल्यापासून विरोधात आहेत ते."

"तुम्हाला ते कधी म्हणाले?"

"म्हणायला कशाला हवं? चेहऱ्यावर दिसतं."

"त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही हो," कमलिनीबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही जरा शांत व्हा. 'अशांत आवर्ती' म्हणतात ना ते, ते तुम्हीच आहात. तेच तेच, तेच तेच, आणि संपायचं नाव नाही."

कांचन पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि समोरच्या खुर्चीवर बसली. "बाबा, मी खरं सांगू का?" ती म्हणाली. "मला सभासद नाही केलं तरी मी शिकवणारच आहे. मुलं चांगली आहेत. तुम्ही माझ्यामुळे लोकांचं ऐकून घेऊ नका."

"तू बाकावर का बसायचं?" सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "मला दशांश नको, काही नको. मी आत खुर्चीत बसतो आणि तू बाहेर चपलांशेजारी. चार वर्षं. हे मला बघवत नाही."

कांचनने झाकलेलं ताट उघडून त्यांच्यासमोर सरकवलं आणि सरांनी एक पोळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रमिलाताईंना अर्ज दिला. विशेष सभा बोलवावी. विषय दोन. एक, कलम चौदामध्ये पुन्हा 'दोन तृतीयांश' हे शब्द घालावेत. दोन, सुना-जावयांचा ठराव पुन्हा मतास टाकावा. आणि खाली एक टीप: मागील मोजणी सचिवांनी केली होती. कॅल्क्युलेटरवर श्रद्धा असलेल्या व्यक्तीने मोजणी करू नये. या वेळी अध्यक्षांनी स्वतः मोजावे.

सभा पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी दहाला भरली. सरांनी घरून फळा नेला होता. अमोलने तो स्कूटरवर उभा धरून आणताना लिंक रोडवर दोन वेळा वारा भरला आणि अमोलच्या म्हणण्याप्रमाणे स्कूटर होडीसारखी चालली. फळ्यावर सरांनी एका बाजूला एक अष्टमांश आणि तीन विसांश लिहिले, दुसऱ्या बाजूला एक तृतीयांश आणि एक सप्तमांश. मग ते सभेकडे वळले.

"सर्वप्रथम," ते म्हणाले, "दोन हजार अकरा साली मी जे लिहून दिलं ते चूक होतं. बरोबरचं चिन्ह चूक होतं. माझा अर्धा गुण कापावा. पाटणकर, कापलास?"

गिरीश पाटणकर मान खाली घालून "हो सर" म्हणाला. नववीतल्यासारखंच.

इथे थांबले असते तर सभा जिंकली असती. पण सरांसमोर फळा होता. पुढची चाळीस मिनिटं त्यांनी छेदाचे अवयव शिकवले. एक सप्तमांशाचे एक चार दोन आठ पाच सात हे आकडे कसे फिरून फिरून येतात ते दाखवलं. मधल्या रांगेतले दोघे चवड्यांवर चालत बाहेर गेले. ते दोघेही सरांच्याच बाजूचे होते. विरोधकांपैकीही एक जण उठून गेला आणि सरांना त्याही अवस्थेत वाटलं, चला, प्रमाण टिकलं पाहिजे.

"दिघे," प्रमिलाताईंनी टेबलावरची घंटी वाजवली, "मला बारा वाजता गोळी घ्यायची असते. आधी सुनांचं मत घेऊ, मग कलमाचं बघू."

"ताई, आधी माप दुरुस्त करायचं की आधी मोजायचं?"

"आधी गोळी," ताई म्हणाल्या. "बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर गेले. प्रमिलाताई उभ्या राहून एकेका हाताकडे बोट करत मोजू लागल्या. सरांनीही मनात मोजलं, सवयीने, रांगेगणिक, खुर्च्यांमधल्या वाटेने मागे चालत. बेचाळीस. मग त्यांनी खाली असलेले हात मोजले. एकवीस. बेचाळीस आणि एकवीस, त्रेसष्ट. बेचाळीस भागिले त्रेसष्ट.

दोन तृतीयांश. पुन्हा बरोब्बर दोन तृतीयांश, आणि कलम अजून तेच, सहासष्ट दशांश सहा सात. छेदात तीन, वर सहा सहा सहा सहा, पृथ्वी बुडेपर्यंत. काच लावलेल्या दारातून बाहेरच्या बाकाची एक बाजू दिसत होती आणि बाकावर कांचनची ओढणी.

"त्रेचाळीस," प्रमिलाताई म्हणाल्या.

"ताई, बेचाळीस," सर म्हणाले. स्वतःच्या विरुद्ध, पण चूक ती चूक.

"त्रेचाळीस, दिघे. तुमच्या मागे बघा."

सरांनी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, मांडीवर मिनिट्सची वही ठेवून अंबरीश टोळे बसले होते. त्यांचा उजवा हात खांद्याच्या रेषेत, नियमात बसेल इतका वर होता. चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं.

त्रेचाळीस भागिले चौसष्ट. छेद चौसष्ट, म्हणजे दोनाचा सहावा घात. सरांनी भागाकार केला नाही, तो आपोआप झाला. सदुसष्ट दशांश एक आठ सात पाच. आणि पुढे काही नाही. बाकी शून्य.

"मंजूर," प्रमिलाताई म्हणाल्या आणि पाण्याचा पेला मागवला.

टाळ्या झाल्या. कुणीतरी दार उघडून कांचनला आत बोलावलं. ती दारात क्षणभर थांबली, मग दुसऱ्या रांगेत कमलिनीबाईंच्या शेजारची खुर्ची ओढून बसली. कमलिनीबाईंनी तिचा हात हातात घेतला. या वेळी सरांनी आभार मानले नाहीत. ते तडक शेवटच्या रांगेकडे गेले.

"टोळेसाहेब, तुम्ही बाजूने आहात?"

"सुरुवातीपासून," टोळे म्हणाले. "माझ्या नातीला, मानसीला, बाराखडी कांचनताईंनीच शिकवली. ती आता मला दुरुस्त करते."

"मग मागच्या सभेत हात का वर केला नाहीत?"

"मोजत होतो."

"मोजून झाल्यावर करायचा."

"मोजणी संपल्यावर हात वर करणं नियमात बसत नाही."

"निदान मला सांगायचं," सर म्हणाले. "एक मत हवं होतं हो. एक. मी सहा आठवडे... मी त्या कार्यालयाचे दोन-दोन जिने चार वेळा चढलो."

"आपण विचारलं नाहीत," टोळे म्हणाले. "आपण मला अपूर्णांक शिकवत होतात."

सरांनी दुसरा मुद्दा काढला. "आणि ते पान गटावर का टाकलंत?"

"आपण पत्रात विचारलं होतं ना, हा आकडा कुणी घुसडला म्हणून. उत्तर देणं भाग होतं."

यानंतर विषय दुसरा, कलम चौदाची दुरुस्ती. सर फळ्याकडे परतले आणि त्यांनी खडू उचलला तेव्हा हॉलमध्ये नऊ माणसं होती. बाकीची कचोरी आणि चहाकडे गेली होती. त्यांना बोलवायला सर दारापर्यंत गेले, तर सगळे कांचनभोवती उभे होते आणि गिरीश पाटणकर तिला विचारत होता की त्याच्या मुलाला पुढच्या रविवारपासून पाठवलं तर चालेल का. सरांना त्या घोळक्यात शिरून गणसंख्येचा मुद्दा काढणं जमलं नाही. टोळेंनी वहीत नोंद केली: विषय क्रमांक दोन, गणसंख्येअभावी तहकूब. मंडळाच्या घटनेत आजही सहासष्ट दशांश सहा सात टक्केच आहे.

फळा अमोलने रिक्षातून नेला. कमलिनीबाई त्याच्याबरोबर गेल्या. सर कांचनच्या ॲक्टिवावर मागे बसले. सहा नंबर बसस्टॉपच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा कांचनने आरशातून पाहिलं. सरांच्या कपाळावरची शीर अजून खाली बसली नव्हती.

"बाबा, अजून रागावलायत का?"

"हो," सर म्हणाले.

"कोणावर?"

सरांनी विचार केला. टोळे बाजूचे निघाले होते. पाटणकरने अर्धा गुण कापून फिट्टंफाट केली होती. यंत्राला दोन मार्चखेरीज काही कळत नव्हतं. पोह्यांवाल्यावर तीन आठवडे रागावून झालं होतं. सिग्नल हिरवा झाला, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला.

"तू चालव," सर म्हणाले. "घरी पोचेपर्यंत ठरवतो."